चार खांब, दोन खुंट

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी पावणेनऊला मी पांढरा कोट घालून दोन उंच खांबांच्या मधोमध उभी होते. हातात दोन पांढरे झेंडे. मेलबर्नच्या पश्चिमेकडचं उपनगर, गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं, श्वासागणिक तोंडातून वाफ. माझ्या लेकीची फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची, मॅच होती, बारा वर्षांखालच्या मुलींची, आणि गोल अंपायरची पाळी त्या दिवशी आमच्या घराची होती. मुलांच्या क्लबात इथे असंच चालतं. कुणी संत्र्याच्या फोडी करून आणतं, कुणी घड्याळ सांभाळतं, कुणी झेंडे.

सीमारेषेबाहेर कानटोपी आणि माझ्या नवऱ्याचं जाड जाकीट घालून अण्णा उभे होते. माझे वडील. सांगलीतल्या एका शाळेत ३४ वर्षं पी.टी.चे सर होते, आणि त्यातली निदान ३० वर्षं त्यांनी खो-खोच्या मैदानावर काढली. मी स्वतः त्यांच्याच हाताखाली खेळले. मैदानावर त्यांना अण्णा म्हणायची सोय नव्हती, तिथे ते सर होते. आजही कुठलाही खेळ बघताना ते दोन्ही हात पाठीमागे बांधून, किंचित पुढे झुकून उभे राहतात आणि चेंडूकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात.

पहिला क्वार्टर संपला तसे ते माझ्याजवळ आले. "अगं, बॉल बाजूनं गेला तरी तू एक झेंडा हलवलास. चुकलेल्यालाही गुण?"

"हो अण्णा. मधल्या दोन उंच खांबांमधून पायानं मारून गेला तर सहा गुण, दोन झेंडे. उंच खांब आणि बाजूचा बुटका खांब यांच्या मधून गेला तर एक गुण, एक झेंडा. त्याला बिहाइंड म्हणतात."

त्यांनी मान हलवली. दुसऱ्या क्वार्टरमध्ये माझी लेक चेंडू घेऊन धावताना मध्येच तो जमिनीवर आपटून पुन्हा हातात घेत होती. लांबुळक्या चेंडूचा टप्पा सरळ हातात आणायला किती तालीम लागते, ते अण्णांना सांगावं लागलं नाही. मध्यंतरात त्यांनी मला एकामागून एक प्रश्न विचारले. ऑफसाइड नाही? नाही. माणूस मैदानावर कुठेही उभा राहू शकतो? कुठेही. चेंडू हातानं फेकता येतो? फेकता येत नाही, एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारून द्यायचा. मोठ्यांच्या खेळात एका बाजूला किती गडी? अठरा. मग दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून हवेत चढून चेंडू झेलणारे मोठे खेळाडू मी त्यांना मोबाइलवर दाखवले. पायानं मारलेला, निदान १५ मीटर आलेला चेंडू असा स्वच्छ झेलला की त्याला मार्क म्हणतात आणि झेलणाऱ्याला निवांत किक मिळते, हेही सांगितलं.

अण्णा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतका देखणा खेळ. मग हा बाहेर का गेला नाही गं?"

मॅच सुरू व्हायची शिट्टी झाली आणि मी झेंडे घेऊन परत माझ्या जागेवर गेले. त्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना तुकड्यातुकड्यांनी देत राहिले: त्या संध्याकाळी, मग त्यांच्या मुक्कामात रोज थोडं थोडं, आणि ते गेल्यावर फोनवर. ते सगळं एकदा सलग लिहून काढावंसं वाटलं.

हा खेळ मुळात क्रिकेटवाल्यांनी काढला. टॉम विल्स नावाचा मेलबर्नचा क्रिकेटपटू इंग्लंडच्या रग्बी शाळेत शिकून परतला होता. १० जुलै १८५८ रोजी त्याचं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं: हिवाळ्यात क्रिकेट बंद असतं, हातपाय आखडतात, तर एक फुटबॉल क्लब काढा. पुढच्याच महिन्यात दोन शाळांमध्ये एक सामना झाला, एकेका बाजूला चाळीस मुलं, आणि तो तीन वेगवेगळ्या दिवशी खेळूनही बरोबरीत सुटला. १७ मे १८५९ रोजी चार माणसं एका हॉटेलात बसली आणि त्यांनी दहा नियम लिहिले. इंग्लंडमधल्या एकेका शाळेचा एकेक फुटबॉल त्यांना ठाऊक होता, पण कुठलाच जसाच्या तसा उचलला नाही. तिकडे नडगीवर लाथ मारणं खेळाचा भाग होता, तो इथे बाद झाला. इथली जमीन कडक, आणि खेळणारी माणसं नोकरीधंद्याची, सोमवारी कामावर जाणारी. सुरुवातीला क्रिकेट क्लबनं आपल्या हिरवळीवर पाय ठेवू दिला नाही, म्हणून शेजारच्या मोकळ्या राखीव रानात, झाडांच्या अधूनमधून खेळ चालायचा. पुढे क्रिकेटची मैदानं मिळाली आणि खेळ लंबगोल झाला. त्या मैदानाचं ठरलेलं एक माप आजही नाही. लांबी १३५ पासून १८५ मीटरपर्यंत काहीही चालते.

विल्स लहानपणी पश्चिम व्हिक्टोरियात जाब वुरुंग लोकांच्या मुलांत वाढला, त्यांची भाषा बोलायचा. त्या भागातले आदिवासी पॉसम नावाच्या प्राण्याच्या कातड्याचा चेंडू उंच लाथाडून झेलण्याचा खेळ खेळत, त्याचं नाव मार्नग्रुक. विल्सनं त्यातून काही घेतलं का, यावर इथे आजही हिरिरीनं वाद होतो. लेखी पुरावा सापडलेला नाही. मला मात्र उंच उडी घेऊन झेलणारं पोर दिसलं की त्या कातडी चेंडूची आठवण होतेच, आणि ही आठवण ठेवणं मला योग्य वाटतं.

आता अण्णांचा प्रश्न. फुटबॉल, क्रिकेट, रग्बी जगभर गेले ते गलबतांतून, लष्करी छावण्यांतून, मिशनच्या शाळांतून. खेळ पोहोचवायला साम्राज्य लागलं. मेलबर्न स्वतःच दुसऱ्याची वसाहत. त्याच्याकडे वाटायला छावण्या नव्हत्या. त्यात हा खेळ 'व्हिक्टोरियन रूल्स' म्हणून ओळखला गेला, आणि शेजारच्या सिडनीला व्हिक्टोरियाचं काहीही घेणं म्हणजे मान खाली घालणं. सिडनीनं रग्बी धरली आणि ती सोडली नाही. १९७८ मध्ये इयन टर्नर या इतिहासकारानं देशाच्या नकाशावर एक रेघ कल्पिली. रेघेच्या एका अंगाला फुटी, दुसऱ्या अंगाला रग्बी. रॉन बरासी या महान खेळाडूच्या नावावरून तिला बरासी लाइन म्हणतात. जो खेळ आपल्याच देशातली एक रेघ ओलांडायला शंभर वर्षं झगडला, तो समुद्र कसा ओलांडणार?

तरी त्यानं प्रयत्न केला होता. १९०८ साली खेळाला पन्नास वर्षं झाली म्हणून मेलबर्नला मोठी स्पर्धा भरली, तिच्यात न्यूझीलंडचा संघ होता आणि त्यानं न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड दोघांनाही हरवलं. मग महायुद्ध आलं आणि न्यूझीलंडमधला तो अंकुर जवळजवळ जळून गेला. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी लंडनच्या क्वीन्स क्लबवर ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या दोन संघांनी प्रदर्शनी सामना खेळला. सामना संपला आणि ती पोरं फ्रान्सच्या खंदकांकडे गेली.

आणि चांगी. सिंगापूरच्या त्या युद्धकैद्यांच्या छावणीत १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियन कैद्यांनी चक्क एक लीग चालवली. विल्फ्रेड स्मॉलहॉर्न यात पुढे होता, १९३३ चा ब्राउनलो पदक विजेता, म्हणजे त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू. जानेवारी १९४३ मध्ये व्हिक्टोरिया विरुद्ध उरलेला ऑस्ट्रेलिया असा शेवटचा सामना झाला, भोवती हजारो कैदी. पीटर चिटी नावाच्या खेळाडूला 'चांगी ब्राउनलो' मिळालं. नंतर त्यातल्या कित्येकांना बर्मा रेल्वेच्या कामावर नेलं. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. उपाशी पोटी माणसं गावाकडचा खेळ खेळत होती. पण तो त्यांनी आपापसांतच खेळला, घराच्या ओढीनं. ओढीनं खेळलेला खेळ परक्या मातीत मूळ धरत नाही.

परदेशात राहणाऱ्याला हे लगेच समजतं. आमच्या मराठी मंडळींच्या सहलीत दरवर्षी खो-खो होतो. डांबरी वाटेशेजारच्या हिरवळीवर खडूनं पाट्या आखतो, खुंट म्हणून दोन दादा उभे राहतात, आणि चाळिशीतल्या बायका 'खो' म्हणताना पुन्हा आठवीतल्या होतात. मला तो दिवस वर्षातल्या कुठल्याही सणाइतका प्रिय आहे. पण आजवर शेजारची एकही ऑस्ट्रेलियन मुलगी आमच्या पाटीत येऊन बसलेली नाही, कारण आम्ही तिला बोलावलेलंच नाही.

फुटी खऱ्या अर्थानं दुसऱ्याची झाली ती दोन ठिकाणी, आणि दोन्हीकडे ऑस्ट्रेलियाचं राज्य होतं. पापुआ न्यू गिनी १९७५ पर्यंत ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होतं. आणि दुसरं नौरू.

नौरूबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तिथली गोष्ट वाचल्यापासून माझी पाठ सोडत नाही. प्रशांत महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं बेट, बारा हजारांच्या आसपास वस्ती. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावात ते सहज मावेल. या बेटाच्या पोटात फॉस्फेट होतं. ते खणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर खत म्हणून पसरलं गेलं. बेटाचा मधला भाग खरवडून निघाला, नुसते चुनखडीचे सुळके उरले. जहाजं भरून माती गेली ती या देशाची कुरणं हिरवी करायला. उलट दिशेनं जे आलं त्यात हा खेळ होता. नौरूची पोरं १९३० च्या दशकात शिकायला मेलबर्न-जिलाँगकडे आली, फुटी शिकून परतली. पुढे स्वतंत्र नौरूचे पहिले अध्यक्ष झालेले हॅमर डीरोबर्ट त्याच काळात जिलाँगला शिकले आणि घरी परतल्यावर त्यांनी हा खेळ शाळाशाळांत लावला. ३१ जानेवारी १९६८ ला देश स्वतंत्र झाला. आज फुटी हा नौरूचा राष्ट्रीय खेळ आहे. त्यांचं मुख्य मैदान लिंकबेल्ट ओव्हल. तिथे गवत नाही, फॉस्फेटच्या धुळीची कडक जमीन आहे. अनवाणी पोरं त्यावर पडतात, सोलवटतात, उठतात.

ज्यांची जमीन नेली त्यांनी खेळ ठेवून घेतला. याला देणं म्हणायचं की काय म्हणायचं, मला ठरवता येत नाही. पण आपण क्रिकेटच्या बाबतीत हेच केलं. पळवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची राखण करत होते, नेटमध्ये साहेबांना चेंडू टाकत होते, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याच माणसानं शंभराहून अधिक बळी घेतले. शिकवणाऱ्याला हरवल्याशिवाय खेळ आपला होत नाही. अण्णांचं हे जुनं वाक्य. शाळेत ते मोठ्या पोरींना लहान पोरींकडून बाद व्हायला लावत नसत, पण लहानगीनं खरंच बाद केलं तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

आता ऑस्ट्रेलियानं स्वतःहून जे प्रयत्न केले त्याकडे येते. त्यातला सगळ्यात गाजलेला आयर्लंडचा. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलची फुटीशी बरीच जवळीक आहे: उंच झेल, हातानं ठोसा, खांबांची गुणपद्धत. १९६७ मध्ये हॅरी बाइट्झेल यांनी एक संघ तिकडे नेला आणि त्यानं आयर्लंडच्या विजेत्या मीथ परगण्याला हरवलं. १९८४ पासून दोन्ही देशांत अर्धे नियम तुझे, अर्धे माझे अशी मालिका सुरू झाली. पण त्याच सुमारास, बरासी मेलबर्न क्लबचे प्रशिक्षक असताना, क्लबनं दुसरंही एक केलं. आयर्लंडमधून अठरा-एकोणीस वर्षांची पोरंच उचलून आणायला सुरुवात केली.

त्यात डब्लिनचा जिम स्टाइन्स आला. उंच, चपळ, आणि फुटी आयुष्यात कधी न खेळलेला. १९८७ ची उपांत्य लढत. मेलबर्न क्लब १९६४ नंतर पहिल्यांदा अंतिम सामन्याच्या दारात. शेवटच्या क्षणी हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला किक मिळाली, अंतर लांबचं होतं. तेवढ्यात स्टाइन्स भान हरपून मध्ये धावला. जिथून धावायचं नाही हे इथलं शेंबडं पोरही जाणतं, तिथून. दंड म्हणून बकनाराला १५ मीटर पुढे आणलं. भोंगा वाजून गेला होता. त्यानं चेंडू मारला, गोल झाला, मेलबर्न दोन गुणांनी हरलं. हजारो लोकांची तेवीस वर्षांची आशा एका परक्या मुलाच्या अजाणतेपणानं संपली.

दुसरा कुणी परतीचं तिकीट काढून गेला असता. स्टाइन्स राहिला. १९९१ मध्ये त्याला ब्राउनलो पदक मिळालं. सलग २४४ सामने तो खेळला, एकही न चुकवता, मोडक्या हाडांनिशी. तो विक्रम २०२५ पर्यंत कुणी मोडला नव्हता. पुढे त्यानं भरकटलेल्या तरुण मुलांसाठी संस्था उभी केली, २००८ मध्ये कर्जात रुतलेल्या त्याच क्लबचा अध्यक्ष झाला आणि कॅन्सरशी झुंजत त्याचं कर्ज फेडलं. २० मार्च २०१२ ला तो गेला तेव्हा व्हिक्टोरिया राज्यानं त्याला सरकारी इतमामानं निरोप दिला. हे वाचताना माझ्या पोटात कालवतं. परक्या देशात एक चूक किती मोठी दिसते, ते मी जाणते. ती चूक अंगावर घेऊन तिथेच उभं राहणं म्हणजे काय, तेही.

त्याच्यामागून पुष्कळ आले. आयर्लंडच्या केरी परगण्याचा टाइग केनेली २००५ मध्ये सिडनीकडून विजेता झाला आणि घरी जाऊन २००९ मध्ये केरीकडून गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड स्पर्धाही जिंकला, दोन्ही जिंकणारा पहिलाच. २०१७ मध्ये बायकांची लीग सुरू झाली. पहिल्याच सामन्याला २४,५६८ लोक आले आणि मैदानाची दारं बंद करावी लागली. तेव्हापासून आयरिश मुलींची मोठी फळी इथे खेळायला येते. टेक्सासचा मेसन कॉक्स हा २११ सेंटिमीटर उंचीचा बास्केटबॉलवाला २०१६ च्या अँझॅक डेला, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, कॉलिंगवुड क्लबकडून उतरला आणि पहिल्याच किकला गोल केला. कॅनडाचा रग्बी खेळाडू माइक पाइक २०१२ चा विजेता. आपल्याशी नातं सांगणारा एक आहे, वेस्ट कोस्टच्या २००६ च्या विजेत्या संघातला डॅनियल कर. त्याच्या वडिलांचा जन्म कोलकात्यातला. फुटबॉल जगात नाव मिळवलेली सॅम कर त्याची धाकटी बहीण.

ही सगळी माणसं मला आवडतात. पण अण्णांना उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की हा खेळाचा प्रसार नाही. ही खेळाडूंची आयात आहे. आयर्लंडच्या परगण्यांतून सगळ्यात चांगला पोरगा निघून येतो तेव्हा त्या गावाचं मैदान एका गड्यानं रिकामं होतं, आणि तिथे फुटी रुजत नाहीच.

दुसरा मार्ग तमाशाचा: आपला खेळ घेऊन जायचं, दाखवायचं, परत यायचं. १४ मे २०१७ रोजी पोर्ट अ‍ॅडलेड आणि गोल्ड कोस्ट हे संघ शांघायला जिआंगवान स्टेडियमवर खेळले, लीगच्या गुणांसाठी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडबाहेर असं पहिल्यांदाच झालं. पोर्ट ७२ गुणांनी जिंकलं. दहा हजारांच्या आसपास प्रेक्षक, त्यातले कितीतरी विमानानं ऑस्ट्रेलियातूनच गेलेले. व्यापाराची नाती जुळवायची होती, ती काही काळ जुळली. २०१८ आणि २०१९ लाही सामने झाले, मग करोना आला आणि सगळं थांबलं. शांघायच्या किती पोरांच्या घरात आज लांबुळका चेंडू असेल?

आणि मग तिसरा मार्ग, ज्याच्यावर माझा जीव जडला. २००२ मध्ये मेलबर्नला इंटरनॅशनल कप सुरू झाला. दर तीन वर्षांनी. त्याचे दोन नियम फार महत्त्वाचे. एक, त्या त्या देशात वाढलेल्यांनीच त्या देशाकडून खेळायचं, तिथे नोकरीला गेलेल्या ऑस्ट्रेलियनांनी नाही. दोन, ऑस्ट्रेलियानं खेळायचंच नाही. यजमानानं पंगतीत न बसता वाढायचं. पहिला कप आयर्लंडनं जिंकला, मग न्यूझीलंड, मग पापुआ न्यू गिनी. त्यांच्या संघाचं नाव मॉस्किटोज. २००८ मध्ये भारताचा संघ पहिल्यांदा आला. त्याच वर्षी इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांचा एकत्र असा 'पीस टीम' नावाचा संघ खेळला. डेन्मार्कचे खेळाडू आले. तिथे १९९१ पासून लीग आहे, आता डॅनिश पोरंच ती चालवतात. युरोपात लंबगोल मैदान कुठून आणणार, म्हणून रग्बीच्या नाहीतर फुटबॉलच्या मैदानावर नऊ-नऊ गड्यांचा खेळ करतात. अठराचे नऊ झाले, मैदान चौकोनी झालं, खेळ राहिला. २०१७ च्या अंतिम सामन्यात पापुआ न्यू गिनीनं न्यूझीलंडला एका गुणानं हरवलं. एका बिहाइंडचा फरक. २०२० चा कप करोनात रद्द झाला आणि ती साखळी तिथेच तुटली.

तो कप थांबल्याचं मला मनापासून दुःख आहे. लीगकडे पैसा आहे, मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर लाखभर माणसं बसतात, १९७० च्या अंतिम सामन्याला १,२१,६९६ लोक होते. इतकं ज्याच्या घरात आहे त्यानं तीन वर्षांतून एकदा पंगत वाढायला काय हरकत आहे?

हे मी अण्णांना तावातावानं सांगितलं तेव्हा ते शांत होते. मग म्हणाले, "नाशिकच्या शैलजा जैन आठवतात?"

आठवतात म्हणजे काय. २०१८ चं जकार्ता एशियाड. महिला कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. इराणनं २७–२४ असा जिंकला, आणि इराणच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसल्या होत्या शैलजाताई. त्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बराच राग निघाला होता. घरचीच बाई, आणि आपल्याला हरवायला शिकवलं? अण्णा तेव्हा फक्त एवढंच म्हणाले होते की आज कबड्डी मोठी झाली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकला कबड्डी नेऊन दाखवली होती. बर्लिन ते जकार्ता, ८२ वर्षं. दाखवण्यापासून हरण्यापर्यंत यायला इतका वेळ लागला.

आणि खो-खो? १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्याचं प्रदर्शन झालं तेव्हा अण्णांना वाटलं होतं, आता दहा वर्षांत पदक. त्याला आणखी चार दशकं गेली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वकप झाला. दोन्ही अंतिम सामन्यांत भारतानं नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार आपलेच, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. अण्णांनी सामने बसून नाही, उभं राहून पाहिले. आनंद होताच. पण फोनवर ते मला म्हणाले होते, "बायकांच्या फायनलला ७८–४०. इतका फरक बरा नाही." बाहेरच्या कित्येक संघांत आपल्याच लोकांची मुलं होती, ओढीनं आलेली. नेपाळ तेवढा खराखुरा दुसरा. अण्णांना खो-खोची शैलजा जैन हवी आहे.

परतीच्या आधी ते माझ्या लेकीच्या खोलीत जाऊन तिचा जुना चेंडू हातात घेऊन बसले. सराव करून त्याचं लाल कातडं खरबरीत झालेलं. शिवणीवरून बोटं फिरवताना त्यांना बारीक अक्षरं दिसली: मेड इन इंडिया. इथल्या मुलांच्या सरावाचे कितीतरी चेंडू आपल्याकडे शिवले जातात. २०१२ मध्ये इथल्या एका वर्तमानपत्रानं जालंधरमध्ये लहान मुलं घरी बसून असे चेंडू शिवतात, हे छापलं होतं. तेव्हा इथे मोठी खळबळ झाली, कंपनीनं माफी मागितली. मी हे सांगितलं आणि अण्णांनी चेंडू हळूच खाली ठेवला. जालंधरच्या त्या मुलांना हा कसला चेंडू, कसा खेळायचा, कुणी कधी सांगितलं असेल का, एवढंच त्यांनी विचारलं. मग लेकीनंच तो चेंडू उचलला, हवा काढली आणि त्यांच्या बॅगेत कोंबला. "आजोबा, राहू दे तुमच्याकडे."

जुलैच्या शेवटी फोन आला. सांगलीत पाऊस लागून राहिलेला. खो-खोचं मैदान म्हणजे नुसता चिखल. पाट्या दिसेनात म्हणून पोरं मोकळीच होती आणि अण्णांनी चेंडू बाहेर काढला होता. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर ते जातातच.

"चार बांबू रोवले," ते म्हणाले. "मधले उंच, बाजूचे बुटके. बारा-बारा पोरं केली. मुली पण आहेत. झेल चांगले घ्यायला लागलीत, एक पोरगी तर काय उडते! पण एक अडचण झाली गं. चिखलात बॉल टप्पाच खात नाही. आपटला की रुतून बसतो. मग धावायचं कसं?"

"मग?"

"पोरांनीच काढलं. पंधरा पावलं झाली की टप्प्याऐवजी जवळच्या गड्याला मुठीनं द्यायचा. आणि देताना 'खो' म्हणायचं. खो म्हटलं नाही तर फाउल."

हे नियमात बसत नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. टप्प्याचा नियमही १८५९ च्या त्या दहांत नव्हता, हे मला तेवढ्यात आठवलं. तो १८६६ मध्ये आला, चेंडू घेऊन लांबवर पळणाऱ्यांना आवरायला.

"अण्णा," मी म्हटलं, "झेंडे कोण हलवतं?"

"झेंडे नाहीत. दोन पांढरे टॉवेल घेऊन मी उभा असतो."

मागून पोरांचा गलका येत होता. पावसाच्या आवाजातूनही एक शब्द स्पष्ट ऐकू येत होता, पुन्हा पुन्हा. माझी लेक शेजारी येऊन उभी राहिली आणि फोनला कान लावून ऐकायला लागली.